आमटी निवणार नाही इतकं अंतर

आमचं घर नाशिकच्या सिडकोत, त्रिमूर्ती चौकापासून चालत पाच मिनिटांवर. खाली सासूबाई, वर आम्ही चौघं, मध्ये बाहेरून चढणारा लोखंडी जिना. खाली एक गॅस, वर एक. मागे रेशनकार्डाचं काही काम निघालं म्हणून आम्ही दोघी सेतू केंद्रात गेलो. तिथल्या मुलानं कॉम्प्युटरवरची नजर न काढता विचारलं, "कुटुंब एकत्र की विभक्त?" सासूबाई म्हणाल्या, "एकत्र." त्याच क्षणी मी म्हणाले, "विभक्त." मुलानं पहिल्यांदा मान वर केली. "चुली किती?" "दोन." "मग विभक्त," म्हणून त्यानं बटण दाबूनही टाकलं. परतताना रिक्षात सासूबाई घरापर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत.

खोटं कोणीच बोललं नव्हतं. 'एकत्र' हा शब्दच एवढा ऐसपैस आहे की त्यात दोघींची उत्तरं मावत होती. इरावती कर्वे यांनी एकत्र कुटुंबाची जी व्याख्या केली, तिच्यात चार गोष्टी येतात: नात्यातली माणसं एका छपराखाली राहतात, एका चुलीवरचं खातात, मालमत्ता सामाईक असते आणि देवधर्म एकत्र होतो. चारही एका दमात म्हटल्या की एकच वस्तू वाटते. पण आमच्याच घरात बघा. छप्पर एक. चुली दोन. घर सासूबाईंच्या नावावर आणि पगार ज्याचा त्याच्या खात्यात. गौरी-गणपती मात्र खालीच बसतात आणि पुरणाचा स्वयंपाक दोघी मिळून करतो. म्हणजे चारातले दोन दोर शाबूत, एक सुटलेला आणि एक अर्धवट. जनगणनेला यातली फक्त चूल दिसते: जे एका स्वयंपाकघरातलं जेवतात ते एक कुटुंब. सेतूतल्या मुलानं नकळत तीच फूटपट्टी लावली.

'हल्ली पिढ्या एकत्र राहत नाहीत' अशी तक्रार ऐकली की मला म्हणूनच विचारावंसं वाटतं, की यातला कोणता दोर सुटला? कारण प्रत्येक दोर वेगळ्या कारणानं सुटतो, आणि त्याची गाठ मारायची रीतही वेगळी असते.

पूर्वी सगळे एकत्र राहायचे?

हे वाक्य कुठल्याही लग्नाच्या पंगतीत ऐकायला मिळतं. ते अर्धंच खरं आहे. स्वातंत्र्याच्या सुमाराला भारतातलं सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं. याचा अर्थ बत्तिशीत माणूस म्हातारा व्हायचा असा नव्हे. तान्ही बाळं आणि लहान मुलं फार दगावत, त्यानं सरासरी खाली ओढली जाई. तरीही साठी गाठणारे आजच्या मानानं थोडे, आणि नातवंडांच्या लग्नात अक्षता टाकणारे त्याहून थोडे. दुसरीकडे एका बाईला सरासरी सहा मुलं. समजा त्यातले तीन मुलगे मोठे झाले, तर आई राहणार एकाकडे. उरलेले दोघे विभक्तच की! तीन पिढ्यांचं भरलेलं घर होतं, पण आठवणींत ते जितकं जागोजाग दिसतं तितकं जागोजाग नव्हतं. ज्यांच्याकडे जमीन, पेढी, वाडा असा एकत्र धरून ठेवण्याजोगा ऐवज होता, त्यांच्यात ते जास्त टिके. हातावर पोट असणाऱ्याला एकत्र धरून ठेवायला होतं काय?

आता वाड्याबद्दल. माझं माहेर पंचवटीतल्या वाड्यातलं, त्यामुळे यावर मी जरा जास्त बोलणार. तिवंधा, तांबट लेन, घनकर लेन, भद्रकाली, पंचवटी, कुठेही जा, जुन्या नाशकातल्या कितीतरी वाड्यांत मालकाचं एक घर आणि भोवती बिऱ्हाडं अशीच मांडणी असायची. दोन खोल्यांत एक बिऱ्हाड, त्यात पाच-सात माणसं. नळ एक, संडास सामाईक, चौक सगळ्यांचा. आमच्या बिऱ्हाडात आजी नव्हती, पण चौकात तीन आज्या होत्या आणि आमच्यावर ओरडायला त्या नात्यासाठी अडून बसत नसत. कोपऱ्यातल्या खोलीत एक बाई एकट्या राहायच्या, मूलबाळ नव्हतं. सकाळी साडेसहाला त्यांच्या बादलीचा आवाज आला नाही की माझी आई जाऊन दार वाजवायची. पुराची खबरही चौकातच ठरायची. गोदावरीतल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलंय यावरून सराफ बाजारात कुठवर शिरेल, हे म्हातारी माणसं सांगायची, आणि ज्यानं १९६९चा पूर पाहिलाय त्याचा शब्द शेवटचा.

म्हणजे त्या काळातल्या म्हाताऱ्या माणसाला जो आधार होता, त्यातला बराचसा घराच्या नकाशातून यायचा. ओटा रस्त्याकडे उघडा, चौक आभाळाकडे उघडा, दार दिवसभर नुसतं लोटलेलं. बसल्या जागी दहा माणसं दिसत आणि दहा माणसांना तुम्ही दिसत. पुढे वाडे मोडकळीला आले, हिस्सेदार वाढले, मालक-भाडेकरूंचे दावे कोर्टात पडून राहिले, दर पावसाळ्याआधी महापालिकेच्या धोकादायक घरांच्या नोटिसा येऊ लागल्या. माणसं पाथर्डी फाट्याला, आडगावला, म्हसरूळला गेली. मुलांना अभ्यासाची खोली मिळाली आणि आजोबांचा ओटा गेला. लिफ्ट असली तरी तिसऱ्या मजल्याला ओटा नसतो. सेफ्टी डोअरच्या जाळीतून दिसतं ते समोरचं सेफ्टी डोअर.

वाड्याचे गोडवे गाणाऱ्यांना मात्र मी एक विचारते: गुडघे गेलेल्या माणसाला रात्री दोनला अंधारा जिना उतरून, चौक ओलांडून संडासला जावं लागे, ते आठवतंय का? माझ्या आईला आठवतं. फ्लॅटमधला कमोड पाहून तिला पहिल्यांदा जे वाटलं ते सुखच होतं.

साठीनंतरची अठरा वर्षं

२०११च्या जनगणनेत भारतात साठीपुढची माणसं १० कोटींहून थोडी जास्त होती, लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात ९.९ टक्के. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीनं २०२३च्या अहवालात दिलेला अंदाज असा, की २०२२मध्ये १०.५ टक्के असलेलं हे प्रमाण २०५०पर्यंत २०.८ टक्के होईल. दर पाच माणसांत एक.

कारणं दोनच. माणसं जास्त जगू लागली आणि मुलं कमी होऊ लागली. दुसऱ्या कारणाकडे आपलं लक्ष कमी जातं. एका बाईला सरासरी २.१ मुलं झाली तर पुढची पिढी साधारण आधीच्या पिढीएवढी राहते. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा आकडा १.७ आला. म्हणजे प्रत्येक पिढी आधीच्या पिढीपेक्षा लहान. घरात याचा अर्थ असा, की एकुलत्या मुलाचं एकुलत्या मुलीशी लग्न झालं तर दोघांमागे चार आईवडील. त्यातून आईवडिलांचेही आईवडील हयात असले तर? कॉलेज रोडला माझी एक मैत्रीण राहते. ती ६२ वर्षांची, तिची आई ८६. ज्येष्ठ नागरिकाला ज्येष्ठ नागरिक सांभाळतो आहे, आणि दोघींच्या गोळ्यांचे डबे फ्रिजवर शेजारी शेजारी.

साठीला पोचलेला माणूस आपल्या देशात सरासरी आणखी अठरा वर्षं जगतो. जन्मापासून मतदानाच्या हक्कापर्यंत जेवढा काळ जातो, तेवढा. या काळात मूल रांगतं, शाळेत जातं, मिसरूड फुटतं, आणि प्रत्येक टप्प्याला आपण त्याच्याशी वेगळं वागतो. साठीनंतरच्या अठरा वर्षांना मात्र एकच शब्द: ज्येष्ठ. एकसष्टीचा माणूसही तोच आणि चौऱ्याऐंशीचाही तोच.

खरं तर पहिली काही वर्षं मदत वरून खाली वाहते. नातवाला स्कूलबसमधून उतरवून घेणं, गॅसवाल्यासाठी घरी थांबणं, सुट्टीत पोरांना सांभाळणं, वेळप्रसंगी घराच्या हप्त्याला हात लावणं. साठी-पासष्टीतल्या आज्या नसत्या तर सातपूर-अंबडमध्ये शिफ्टला जाणाऱ्या बायकांपैकी कितीजणींना नोकरी टिकवता आली असती? माझी तरी टिकली नसती. मधली काही वर्षं हिशोब बरोबरीचा असतो. शेवटच्या टप्प्यात मदत खालून वर जाते, आणि 'म्हातारपण' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो फक्त हा टप्पा.

भांडणं होतात ती टप्पा बदलताना. कारण बदल झाल्याची दवंडी कोणी पिटत नाही. आमचे सासरे, अण्णा, चौऱ्याहत्तराव्या वर्षी द्वारका चौकातून स्कूटर घालून नाशिकरोडला जायचे. त्यांच्या हिशोबानं ते अजून पहिल्या टप्प्यात होते. माझ्या नवऱ्याच्या हिशोबानं ते तिसऱ्यात. चावी लपवणं, सापडणं, पुन्हा लपवणं असं चार महिने चाललं. कोणी कोणाचा अपमान करत नव्हतं. दोघांची कॅलेंडरं वेगळी होती, एवढंच.

पाकीट

नाशकात निवृत्त माणसं दोन प्रकारची. एक पेन्शनवाली: नोट प्रेस, रेल्वे, पोस्ट, जुन्या नेमणुकीचे शिक्षक. त्यांचं पेन्शन महागाई भत्त्यासकट येतं आणि वाढत जातं. दुसरी कंपनीवाली. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं होते. अशांना मिळतं ते भविष्य निर्वाह निधीच्या १९९५च्या योजनेतलं निवृत्तिवेतन. त्याचं गणित साधारण असं: निवृत्तिवेतनासाठी धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०. यातली मेख 'धरलेला पगार' या शब्दांत आहे. त्याला सप्टेंबर २०१४पासून १५,००० रुपयांची मर्यादा, त्याआधी ६,५०० रुपयांची. वरच्या मर्यादेनं पूर्ण ३५ वर्षं धरली तरी येतात साडेसात हजार. प्रत्यक्षात बहुतेकांची रक्कम याच्या खूप खाली राहते, इतकी, की २०१४ साली किमान १,००० रुपये तरी द्या असं ठरवावं लागलं. महागाई भत्ता नाही. माणूस गेल्यावर बायकोला निम्मं. सासूबाईंच्या खात्यात महिन्याला येणारी रक्कम मी इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. दोन सिलिंडर घेतले की उरतं ते किरकोळच.

तिसरा प्रकार शहराबाहेरचा. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला पेन्शन कुठलं? जमीन हेच त्याचं पेन्शन. आणि ज्याच्याकडे तीही नाही त्याच्यासाठी श्रावणबाळ योजना आहे, ६५ वर्षं पूर्ण झालेल्या गरीब माणसाला महिन्याला दीड हजार.

हे एवढं सविस्तर सांगायचं कारण, घरात म्हाताऱ्या माणसाशी कोणत्या सुरात बोललं जातं ते मला बऱ्याचदा पाकिटावर ठरताना दिसतं. आमच्या गल्लीतले पेन्शनवाले नाना दिवाळीला नातवंडांना कपडे घेतात, मिसळ खायला नेतात. त्यांच्या पथ्याचं घरात कौतुक असतं. अण्णांना चष्म्याची काच बदलायची तरी मुलाला सांगावं लागायचं. मुलगा लगेच द्यायचा. पण देणं लगेच होत असलं तरी मागणं राहतंच, आणि मागण्याआधीचे आठ दिवस तो माणूस तडकलेल्या काचेतून पेपर वाचत असतो.

सरकारी मदतीतली एक गोष्ट नीट समजून घ्यावी अशी आहे. ऑक्टोबर २०२४पासून सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. उत्तम आहे, कार्ड काढून ठेवाच. पण ते प्रामुख्यानं हॉस्पिटलात दाखल झाल्यावर. रोजच्या गोळ्या, डायपर, रात्री उठवून बसवायला लागणारं माणूस, या गोष्टी त्यात बसत नाहीत. आणि म्हातारपणातला खरा निचरा याच मोरीतून होतो.

सासूबाईंना विचाराल तर त्यांची आवडती योजना वेगळीच आहे. ७५ वर्षांपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटी मोफत. नणंद निफाडला असते. खाली-वर काही बिनसलं की सासूबाई पिशवी भरतात आणि स्टँडवर जातात. पूर्वी मुलीकडे जायचं तर मुलाकडून पैसे घ्यावे लागत, म्हणजे ज्याच्यावर रुसायचं त्याच्याकडेच तिकिटाचे मागायचे. आता रुसवा स्वतंत्र झालाय.

घर कोणाच्या नावावर

आमच्याकडच्या खेड्यांत वाटणी होते तेव्हा जमिनीसोबत आईबापांचीही होते. आई धाकट्याकडे, बाप थोरल्याकडे. नाहीतर महिने लावून, दोन महिने याच्या ओट्यावर, दोन महिने त्याच्या. पन्नास वर्षं एका ताटात जेवलेल्या जोडप्याला असं दोन घरांत टाकणं कोणालाच क्रूर वाटत नाही, कारण हिशोब बरोबर येतो.

शहरात हाच प्रश्न फ्लॅटच्या नावानं येतो. 'आई, तुमच्यानंतर कटकट नको, आत्ताच नावावर करून टाकू.' महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलगा-मुलगी, नातवंडं यांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. हे स्वस्त असल्यामुळे मोह होतो. म्हणून बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांतला फरक प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला तोंडपाठ असायला हवा.

बक्षीसपत्र नोंदवलं की घर त्याच दिवशी दुसऱ्याचं झालं. उद्या मन बदललं तर सहजासहजी मागे फिरता येत नाही. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं, हयातीत कितीही वेळा बदलता येतं, साध्या कागदावर चालतं. दोन साक्षीदार लागतात, नोंदणीची सक्ती नाही. आणि सोसायटीत किंवा बँकेत 'नॉमिनी' म्हणून नाव लावलं म्हणजे तो मालक झाला असं मुळीच नाही. तो सांभाळणारा. मालकी वारसाहक्कानं किंवा मृत्युपत्रानं ठरते.

तरीही देऊन बसलेल्यांसाठी २००७चा कायदा आहे, आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा. त्याचं कलम २३ सांगतं, की 'माझी देखभाल करशील' या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्यानं ती केली नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. पेच 'अटीवर' या शब्दात. अशी अट होती हे दिसलं पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२२मध्ये म्हटलं. जानेवारी २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या एका आईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं हा कायदा ज्येष्ठांच्या हिताचा आहे, तो उदारपणे वाचला पाहिजे असं सांगून बक्षीसपत्र रद्द केलं. तिथं मुलानं सांभाळायचं वचन कागदावर दिलेलं होतं. शहाण्यानं यातून एवढंच घ्यावं, की द्यायचंच असेल तर देखभालीची अट आणि आपला तहहयात राहण्याचा हक्क दोन्ही दस्तात स्पष्ट लिहून घ्यावेत. 'पोटच्या पोराकडून काय लिहून घ्यायचं' असं म्हणणारे पुढे प्रांताच्या कचेरीत भेटतात.

कारण या कायद्याचं न्यायाधिकरण उपविभागीय अधिकारी, म्हणजे आपला प्रांत, चालवतो. अर्ज साधा असतो, वकिलाशिवाय चालावा अशी त्याची रचना आहे आणि ९० दिवसांत निकाल अपेक्षित आहे. निर्वाहाची रक्कम महिन्याला जास्तीत जास्त १०,००० रुपये. म्हाताऱ्या माणसाला टाकून दिलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मूल नसलेल्यालाही मार्ग आहे: ज्या नातेवाइकाच्या ताब्यात त्याची मालमत्ता आहे किंवा जो ती वारसानं घेणार आहे, त्याच्यावर जबाबदारी येते. लग्न झालेली मुलगीही जबाबदार असते, हे तर सर्वोच्च न्यायालयानं १९८७मध्येच सांगून ठेवलंय. अडचण असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांचा हेल्पलाइन क्रमांक आहे, त्यावर पैसे पडत नाहीत.

यादीत सून नाही

त्या २००७च्या कायद्यात 'मुलं' म्हणजे कोण याची यादी आहे: मुलगा, मुलगी, नातू, नात. सज्ञान असलेले. सून त्यात नाही. जावईही नाही. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी चहा ठेवला होता तो उतू गेला. कायद्यानं सासूची माझ्यावर कसलीच जबाबदारी नाही, आणि घरात विचाराल तर सगळी माझ्यावरच!

इरावतीबाईंच्या व्याख्येत छप्पर, चूल, मालमत्ता, देवधर्म एवढं आहे. चूल एक असते असं त्यात येतं. ती पेटवणारा हात कोणाचा, हे व्याख्येत कशाला येईल? तो दोर आपण कधी मोजलाच नाही, कारण तो फुकट होता. २०२४च्या केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई दिवसाचे सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवते असं दिसलं, आणि घरकाम करणारा पुरुष ८८ मिनिटं. अण्णा शेवटचे अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. 'मुलानं किती केलं हो,' असं दहाव्याला आलेले पाहुणे म्हणाले. मुलानं केलंच, नाही म्हणत नाही. पैसे आणले, डॉक्टर आणला, रात्री कूस बदलायला उठला. चादरी कोणी धुतल्या हे विचारायची पद्धत नसते.

आता ब्युरोतून मावशी मिळते, बारा तासांची, चोवीस तासांची. सासूबाईंच्या बहिणीकडे अशीच एक मावशी आहे, पेठ तालुक्यातली. तिची स्वतःची आई गावात एकटी असते. म्हणजे दोर तुटलेला नाही, एका घरातून सोडून दुसऱ्या घरात बांधलाय, आणि गावाकडचं टोक लोंबतंय.

सासूचा हक्क आणि सुनेचा हक्क समोरासमोर आले तर काय, याचंही उत्तर न्यायालयाला द्यावं लागलं. बंगळुरूच्या एका प्रकरणात सासरच्यांनी ज्येष्ठांच्या कायद्याखाली सुनेला घराबाहेर काढण्याचा आदेश मिळवला होता. डिसेंबर २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यानं बाईला सासरच्या घरात राहण्याचा जो हक्क दिलाय, तो या झटपट प्रक्रियेनं उडवून लावता येणार नाही. दोन्ही कायदे एकमेकांना सांभाळून वाचायचे. वाचायला सोपं वाटतं. दोन खोल्यांत तसं जगायचं म्हणजे काय, ते ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक.

अंतर

१९६०च्या दशकात व्हिएन्नातले समाजशास्त्रज्ञ लिओपोल्ड रोझेनमायर आणि त्यांच्या सहकारी एव्हा क्योकाइस यांनी म्हाताऱ्या माणसांना विचारलं, की तुम्हाला मुलांबरोबर राहायचंय का. बहुतेकांना मुलं जवळ हवी होती, पण त्याच घरात नको होती. 'अंतर राखून जवळीक' असं त्यांनी त्याला म्हटलं. जपानी लोक हेच स्वयंपाकघराच्या भाषेत सांगतात: सूप निवू नये इतक्या अंतरावर.

सिडकोच्या लोकांनी हा शोध पुस्तकाशिवाय लावला. सिडकोनं कामगारांसाठी छोटी छोटी घरं दिली, पोरं मोठी झाली तसा वर मजला चढला, जिना बाहेरून काढला. बाहेरून काढला ही खरी अक्कल. रात्री उशिरा आलो तर सासूबाईंच्या हॉलमधून जावं लागत नाही, आणि त्यांच्या मैत्रिणी दुपारी भजनाला जमतात तेव्हा त्यांना माझी परवानगी लागत नाही. गंगापूर रोडला लोक एकाच सोसायटीत दोन फ्लॅट घेतात, हिशोब तोच. हे सगळ्यांना परवडत नाही. पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाला तर हे अंतर रस्त्यानं दोनशेहून जास्त किलोमीटर पडतं, आणि तेवढ्यात आमटीच काय, माणूसही निवतो. अशांच्या आईवडिलांचा ओटा म्हणजे मग ज्येष्ठ नागरिक संघाचा कट्टा, कृषिनगरचा जॉगिंग ट्रॅक, नाहीतर १८४०पासून चालू असलेलं सार्वजनिक वाचनालय. तिथं जायला धड फुटपाथ हवा, मध्ये टेकायला बाक हवा, स्वच्छतागृह हवं. या गोष्टी कोणी वृद्धकल्याणात धरत नाही.

आमच्या जिन्याला बारा पायऱ्या आहेत. गेल्या पावसाळ्यापासून सासूबाईंना त्या चढवत नाहीत, म्हणून गॅलरीतून दोरीला टोपली बांधली आहे, पूर्वी भाजीवाल्यासाठी बांधत तशी. सकाळी आमटीचा डबा खाली जातो, दुपारी टोपली वर येते. रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं, म्हणून डब्यात कधी लिंबू, कधी शेवग्याची शेंग, कधी नुसती चिमूटभर साखर.

मृत्युपत्र त्यांनी केलंय, एवढं आम्हाला माहीत आहे. गोदरेजच्या कपाटात साड्यांखाली आहे. काय लिहिलंय ते विचारलं तर परवा म्हणाल्या, "मी गेल्यावर वाच. आणि त्या डब्याचं झाकण शोध आधी, तीन दिवस झाले."